ध्यानाला बसू पाहणाऱ्यांचे प्रश्न

ध्यानाची सुरुवात कशी करावी, या विषयावर या सदरासाठी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. किनारपट्टीवरच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. काही पत्रांत घरातल्या अडचणी मोकळेपणाने लिहिलेल्या असल्यामुळे कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगा आणि सून मुंबईला असतात, गावच्या घरी मी एकटीच राहते. मोबाईलवरचे मार्गदर्शन ऐकून रोज पहाटे अर्धा तास ध्यानाला बसण्याचा प्रयत्न करते. डोळे मिटले की कलमांची फवारणी राहिली, विजेचे बिल भरायचे आहे, नातवाचा ताप उतरला की नाही, असे विचार एकामागून एक येतात. एरवी येत नाहीत इतके विचार बसल्यावर येतात. माझ्या मनाला हे जमणारच नाही का? (दापोली तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य वगळले, तर बाकीचे सगळे वर्णन सुरुवात नीट झाल्याचे आहे. बसल्यामुळे विचार वाढत नाहीत. दिवसभर हात कामात आणि कान बोलण्यात गुंतलेले असतात, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाहीत. ओहोटीला खडक उघडे पडतात, पण ते ओहोटीने आणलेले नसतात.

अडचण आहे ती अपेक्षेत. ध्यान म्हणजे मन कोरे करणे, ही समजूत फार पसरली आहे, आणि नवशिक्यांचे जेवढे नुकसान या समजुतीने केले तेवढे आळसानेही केले नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. पतंजलींनी योगाच्या आठ अंगांमध्ये धारणा सहावी आणि ध्यान सातवे सांगितले. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा, आणि त्या एकाच ठिकाणी ते अखंड वाहत राहणे हे ध्यान. आपण ज्याला व्यवहारात ध्यानाला बसणे म्हणतो, त्याच्या पहिल्या कित्येक महिन्यांत प्रत्यक्षात धारणेचाच सराव चाललेला असतो, आणि बांधलेले चित्त पुन्हा पुन्हा सुटणार हे त्यात गृहीतच धरलेले असते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मन जिथे जिथे निसटून जाईल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावे, असे सांगितले आहे. मन निसटताच कामा नये, असे कुठेही म्हटलेले नाही. मन आवरणे अत्यंत कठीण आहे अशी अर्जुनाने तक्रार केली, तेव्हा श्रीकृष्णाने ती खोडून न काढता मान्य केली आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले.

आता प्रत्यक्ष काय करावे ते लिहिते. आरंभाला अर्धा तास फार होतो. दहा मिनिटे पुरेत, आणि तीही जड जात असतील तर पाच. मोबाईलवर गजर लावून तो पालथा ठेवावा, म्हणजे किती वेळ झाला हे पाहण्यासाठी डोळे उघडण्याचा मोह होणार नाही. ओटीवर किंवा माजघरात, जिथे वाऱ्याचा झोत थेट अंगावर येत नाही अशा ठिकाणी सतरंजी किंवा घोंगडी घडी करून अंथरावी. बैठकीची मागची बाजू दोन-तीन बोटे उंच ठेवली की कंबर फारसे श्रम न पडता सरळ राहते आणि गुडघे खाली टेकतात. हात मांडीवर सोडून द्यावेत. बोटांची अमुकच मुद्रा केली पाहिजे असे नाही. हनुवटी किंचित आत घ्यावी, जबडा सैल ठेवावा आणि डोळे मिटावेत.

मग श्वास सर्वांत स्पष्ट कुठे जाणवतो ते पाहावे. कोणाला तो नाकपुडीच्या कडेला जाणवतो, कोणाला छातीत, तर कोणाला पोट वरखाली होण्यात. एक जागा ठरली की त्या बैठकीपुरती ती बदलू नये. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही आणि खोलही घ्यायचा नाही. आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढेच जाणायचे. लक्ष टिकत नसेल, तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मनात एक आकडा म्हणावा आणि दहा झाले की पुन्हा एकपासून सुरू करावे. मध्येच आकडा हरवला, किंवा दहा ओलांडून आपण सोळा-सतरापर्यंत गेलो असे लक्षात आले, तरीही पुन्हा एकच.

फवारणीचा विचार आला तर? तो आला आहे हे ज्या क्षणी आपल्याला कळते, तो क्षण या साऱ्या अभ्यासाचा गाभा आहे. त्याआधी मिनिट-दोन मिनिटे आपण त्या विचारात वाहून गेलेलो असतो आणि तसे गेलो आहोत याचा आपल्याला पत्ताही नसतो. तो पत्ता लागणे जबरदस्तीने घडवता येत नाही, पण रोज बसल्याने तो लवकर लागू लागतो. त्या ठिकाणी स्वतःवर रागावण्यात वेळ दवडू नये, आणि विचार चांगला होता की वाईट याचा निवाडाही करू नये. मनात ‘विचार’ एवढेच म्हणून श्वासाकडे परत यावे. दहा मिनिटांत पन्नास वेळा मन गेले आणि पन्नास वेळा परत आणले, तर पन्नास वेळा अभ्यास झाला असे खुशाल समजावे.

एक लहानशी व्यवस्था आपल्याला उपयोगी पडेल. बसण्यापूर्वी वहीत त्या दिवसाची कामे लिहून काढावीत. बिल, फवारणीवाल्याला फोन, मुंबईला फोन, जे असेल ते. कागदावर उतरलेली कामे मन वारंवार समोर आणत नाही, निदान तेवढ्या घाईने तरी आणत नाही. योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत : तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा. पहिल्या दोन अटी सगळे सांगतात. तिसरी मात्र दुर्लक्षित राहते, आणि आपल्यासारख्या शिस्तीच्या माणसाला तिचीच अधिक गरज आहे. बसण्याची वेळ झाली की मनाशी भांडायला निघाल्यासारखे बसू नये.

प्रश्न : मी मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीवर खलाशी आहे. बोट कधी रात्री सुटते, कधी पहाटे, कधी दोन-तीन दिवस समुद्रातच असतो. घरी आल्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसतो, पण पाच मिनिटांत झोप लागते. सगळीकडे ब्राह्ममुहूर्तावर बसावे असे सांगतात. आमच्यासारख्यांनी काय करायचे? (रत्नागिरी)

उत्तर : आधी झोपा. जाळी ओढून, माल उतरवून आलेल्या माणसाला बसल्या जागी झोप लागली, तर त्यात ध्यानाचे काही चुकलेले नाही. शरीर आपली थकबाकी वसूल करत असते. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, आणि ती पुरी होत नसेल तर ध्यानाच्या नावाखाली ती आणखी तोडणे अपायकारक आहे. अति जागणाऱ्याला आणि अति झोपणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, असे गीतेत म्हटले आहे.

पहाटेची वेळ चांगली मानतात, कारण तेव्हा घर शांत असते, पोट हलके असते आणि रात्रीची झोप झालेली असते. या तिन्ही गोष्टी तुम्हाला ज्या वेळी मिळतील ती तुमची वेळ. घड्याळाला बांधून घेण्यापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून घ्या. उदाहरणार्थ, बंदरावरून येऊन झोप काढली, उठून आंघोळ केली की जेवणापूर्वी दहा मिनिटे. मग ती आंघोळ सकाळी दहाला होवो की संध्याकाळी पाचला. भरपेट भात खाल्ल्यावर मात्र बसू नका, कारण पेंग हमखास येते. भिंतीला टेकणेही सोडा. टेकायला आधार मिळाला की मान कलते आणि मानेबरोबर लक्षही जाते.

एवढे करूनही गुंगी येऊ लागली, तर डोळे अर्धे उघडून समोर हातभर अंतरावर जमिनीकडे पाहा. तरीही येत राहिली, तर उठून चालत ध्यान करा. बौद्ध परंपरेत चालण्याचे ध्यान बसण्याच्या बरोबरीने शिकवले जाते, आणि अंगमेहनत करणाऱ्या माणसांना ते अधिक लवकर जमते असे माझे निरीक्षण आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर वीस-पंचवीस पावलांचा एक सरळ पट्टा ठरवा. अनवाणी, नेहमीपेक्षा थोडे सावकाश चाला. टाच टेकणे, तळवा टेकणे, बोटांनी वाळू मागे लोटणे, हे प्रत्येक पावलाला जाणत जा. पट्टा संपला की थांबा, वळा आणि पुन्हा चाला. मन मासळीच्या भावाकडे गेले की त्याला परत तळव्याशी आणा.

बोटीवर काम चालू असताना डोळे मिटण्याचा किंवा लक्ष आत वळवण्याचा प्रयोग चुकूनही करू नका. दोर, इंजिन आणि लाटा यांच्या मधोमध सगळे लक्ष बाहेरच असले पाहिजे. बोट नांगरून पडलेली असेल आणि तांडेलाने विश्रांती दिलेली असेल, तर उघड्या डोळ्यांनी दहा श्वास मोजायला हरकत नाही. नियमित सुरुवात करण्यासाठी जून-जुलैतल्या मासेमारीबंदीचा काळ तुम्हाला सर्वांत सोयीचा आहे. त्या दिवसांत जाळी दुरुस्तीचे काम असले तरी रात्रीची झोप घरी होते आणि वेळ ठरवता येते. तेव्हा बसलेली सवय पुढे हंगामात निम्मी टिकली, तरी ती मोलाची आहे.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. दोन्ही गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसून केलेले ध्यान चालते का? थोडा वेळ जमिनीवर बसले तर पायाला मुंग्या येतात. (मालवण तालुका)

उत्तर : चालते, आणि पूर्ण चालते. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढ्याच शब्दांत केली आहे. स्थिर असावे आणि सुखाचे असावे. मांडी घालण्याची अट त्यात नाही. हात नसलेली, कठीण बैठकीची खुर्ची घ्यावी, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकावेत आणि ते टेकत नसतील तर पायाखाली पाट ठेवावा. पाठ शक्यतो खुर्चीच्या पाठीपासून सुटी असावी. कंबर दुखत असेल तर मागे उशी घेण्यात काहीच कमीपणा नाही. पावसाळ्यात लादी गार पडते, तेव्हा पायाखाली घोंगडीचा तुकडा असू द्यावा. संध्याकाळी डास फार असतील, तर कॉइलचा धूर नाकाशी घेत बसण्यापेक्षा मच्छरदाणीत बसणे बरे. मुंग्या येतात त्या पायातल्या मज्जातंतूंवर दाब पडल्यामुळे. पाय मोकळा केल्यावर मिनिटभरात त्या जात असतील तर काळजी नको. त्या रेंगाळत असतील किंवा पाय उचलताना जोर लागत नसेल, तर ती बैठक सोडावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : आमच्या घरात सात माणसे, त्यांत माझी दोन लहान मुले. पडवीवर पत्रा आहे, त्यामुळे पावसाळ्यात चार महिने कानठळ्या बसतात. शिवाय टीव्ही, मिक्सर, मुलांची भांडणे. शांत कोपरा म्हणून घरात नाहीच. सासूबाईंना वाटते, ही देवपूजा सोडून भलतेच काहीतरी करते आहे. मी बसायचे कधी आणि कुठे? (राजापूर तालुका)

उत्तर : ध्यानाला शांतता लागते, हे अर्धेच खरे आहे. सुरुवातीला ती असेल तर सोपे जाते. नसेल तर आवाजालाच आधार करता येते, आणि पत्र्यावरचा पाऊस हा तर या कामासाठी फार चांगला आवाज आहे. तो सलग असतो, त्यात अर्थ शोधण्यासारखे काही नसते आणि तो तुमच्याकडून उत्तरही मागत नाही. पाऊस सुरू असेल तेव्हा श्वास सोडून द्या आणि फक्त ऐका. सर कधी वाढते, कधी ओसरते, पागोळ्यांचा आवाज पत्र्याच्या आवाजापेक्षा कसा वेगळा येतो, एवढेच ऐकत राहा. मन दुसरीकडे गेले की पुन्हा आवाजाकडे या. माणसांचे बोलणे मात्र असे ऐकता येत नाही, कारण शब्द कानावर पडला की मन लगेच त्याच्या अर्थाच्या मागे जाते. म्हणून टीव्हीच्या मालिकेच्या वेळी बसू नका.

वेळ दोन ठिकाणी सापडेल असे वाटते. मुले शाळेत गेल्यानंतर आणि दुपारच्या स्वयंपाकाला लागण्यापूर्वी एक फट असते. ती तुम्ही आज भांडी, कपडे आणि केर यांना देता. त्यातली दहा मिनिटे काढून घ्या. दुसरी वेळ दिवेलागणीची. देवापुढे दिवा लावून, मुलांकडून शुभंकरोति म्हणवून घेतल्यावर तिथेच पाच मिनिटे बसा. सासूबाईंनाही शेजारी बसायला सांगा. त्या नाव घेतील, तुम्ही श्वास पाहाल, आणि देवघरात बसलेल्या सुनेविषयी शंका घेण्याचे कारण उरणार नाही. मुलांना पाच मिनिटे गप्प बसवण्याचा आग्रह धरू नका. त्यांनी हाक मारली तर उठा, काम करा आणि जमल्यास परत येऊन बसा.

याहून महत्त्वाचे काहीतरी तुमच्या पत्रात आहे. सात माणसांच्या घरात एका बाईला स्वतःसाठी दहा मिनिटे मागताना संकोच वाटतो, ही ध्यानाची अडचण नव्हे, ती घराची आहे. हे उत्तर तुमच्या यजमानांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. रोज दहा मिनिटे मुलांकडे त्यांनी पाहिले, तर या पत्रातल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच हातून मिळेल.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. गेल्या वर्षी वडील अचानक गेले. एकाग्रता वाढावी म्हणून ध्यान सुरू केले, पण डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की छातीत धडधडते, श्वास कोंडल्यासारखा होतो, हातांना मुंग्या येतात आणि रुग्णालयातले शेवटचे दृश्य समोर येते. मैत्रीण म्हणते, तसेच बसून राहा, आत साठलेले बाहेर पडते आहे. हे खरे आहे का? (सावंतवाडी)

उत्तर : नाही. सध्या डोळे मिटून बसणे थांबवा. यात तुमचा कमकुवतपणा नाही आणि तुम्ही काही अर्धवट टाकून देत आहात असेही नाही. ज्यांच्या मनावर मोठा आघात झालेला असतो, त्यांच्या बाबतीत डोळे मिटून आत पाहिल्याने तोच प्रसंग पुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि अशा वेळी नेटाने बसून राहिल्याने तो निवळेलच असे नाही. कित्येकदा तो बळावतो.

शरीरात काय होते ते समजून घेतले तर भीती थोडी कमी होईल. घाबरलेल्या माणसाचा श्वास नकळत जलद होतो. त्यात श्वासाकडे लक्ष दिले की तो अपुरा वाटतो आणि आपण आणखी जोराने घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, आणि त्यातून हातांना व ओठांभोवती मुंग्या येणे, गरगरणे, श्वास पुरत नसल्यासारखे वाटणे, ही लक्षणे उद्भवतात. म्हणून अशा वेळी ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला उलटा पडतो. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे पाहावे. नेहमीइतकाच घ्यावा आणि ओठ किंचित मिटून सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात. त्याच वेळी डोळे उघडे ठेवून तळवे जमिनीवर दाबा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या : खिडकी, माड, बादली, जे असेल ते.

यापुढचे काम एकटीने करू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, कारण धडधडीची इतर कारणेही असतात, थायरॉइडचे विकार हे त्यांपैकी एक. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोपर्यंत कोणाशी तरी बोलावे असे वाटले, तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. ही सेवा २०२२ साली सुरू झाली, पण आपल्याकडे अजून पुष्कळांना ती माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आईशी, भावंडांशी वडिलांविषयी बोला, रडू आले तर रडा. दुःखाला जो वेळ लागतो तो लागू द्यावा. त्यावर एकाग्रतेचा उपाय करण्याची घाई नको. पुढे उपचार करणाऱ्यांच्या सल्ल्याने उघड्या डोळ्यांचे किंवा चालण्याचे ध्यान थोडे थोडे सुरू करता येईल.

ज्यांना पूर्वी कधी भास होण्याचा आजार झाला आहे किंवा ज्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनीही ध्यानाच्या शिबिराला नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि औषधे स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांपासून पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची सोऽहम् साधना आहे. मित्र मात्र इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला चल म्हणतात, आणि मुलीने मोबाईलवर ध्यानाचे ॲप घालून दिले आहे. मी कुठून सुरू करू? (रत्नागिरी)

उत्तर : घरातल्या साधनेपासून सुरू करावे, असे मी सांगेन. तिन्ही मार्गांचे पुढचे टप्पे वेगवेगळे असले, तरी पहिले पाऊल तिन्हींत श्वासावरच पडते. स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) नाथ संप्रदायातले. त्या परंपरेत श्वास आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हम्’ असा जप श्वासालाच जोडलेला असतो. अहोरात्रात असे २१,६०० श्वास होतात, अशी योगग्रंथांतली गणना आहे. तिचा मिनिटाचा हिशेब केला तर पंधरा येतात, आणि विश्रांत अवस्थेतला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो हे आजचे वैद्यकही सांगते. या साधनेत तुम्हाला नवे काही आणावे लागत नाही, चालूच असलेल्या श्वासाला नाव द्यायचे असते. आजोबांना ती करताना तुम्ही पाहिले असेल, घरात तिच्याविषयी आदर आहे आणि शंका आल्यास विचारायला जवळची माणसे आहेत. सुरुवात करणाऱ्याला एवढा आधार दुसरीकडे सहसा मिळत नाही.

सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांच्या परंपरेतले विपश्यना शिबिर ही गंभीर आणि प्रामाणिक गोष्ट आहे. तिथे शुल्क घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालते. पण पहाटे चारला उठणे, दिवसाला सुमारे दहा तास बसणे, मौन आणि मोबाईल जमा करणे, असा तिथला दिनक्रम असतो. नवख्यांनाही प्रवेश मिळतो हे खरे असले, तरी घरी वीस मिनिटे स्थिर बसण्याची सवय झाल्यानंतर गेलात तर त्या दहा दिवसांचे चीज होईल. तिथे आरंभी आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण शिकवतात आणि त्याला कोणताही मंत्र जोडू नये असे सांगतात. सोऽहममध्ये तर जप हाच धागा आहे. त्यामुळे दोन्ही पद्धती एकाच बैठकीत मिसळू नका. ज्या काळात जे कराल तेच करा. ॲपचा उपयोग घंटा वाजवण्यापुरता ठेवा. कानात सतत कोणी बोलत राहिले, तर आपले लक्ष गेले हे आपल्या आपण ओळखण्याची संधीच मिळत नाही.

प्रश्न : डोळे मिटल्यावर कधी निळा-जांभळा प्रकाश दिसतो, कपाळावर दाब जाणवतो. ही कुंडलिनी जागृत झाल्याची खूण आहे का? (गुहागर)

उत्तर : मिटलेल्या डोळ्यांपुढे रंग आणि ठिपके दिसणे हे बहुतेक सर्वांना होते. बाहेरचा प्रकाश नसतानाही दृष्टीची यंत्रणा काम करत असते. कपाळावरचा दाब पुष्कळदा भुवया आवळल्यामुळे येतो, त्या सैल सोडून पाहा. पतंजलींनी अभ्यासातले नऊ अडथळे सांगितले, त्यांत आजार, आळस आणि संशय यांच्या पंगतीला भ्रांतिदर्शनही बसवले आहे. दिसले तर दिसू द्या, नाही दिसले तर शोधू नका, आणि श्वासाकडे परत या. डोळे उघडे असताना विजेसारखे लखलखाट दिसत असतील, तर मात्र नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित जा.

प्रश्न : मी आंबा बागायतदार आहे. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. ध्यानाने ती बंद होईल का, आणि गुण यायला किती दिवस लागतात? (देवगड)

उत्तर : अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली ध्यान आणि हृदयरोग यांच्याविषयी झालेल्या संशोधनाचा आढावा घेतला. रूढ उपचारांना आणि जीवनशैलीतल्या बदलांना जोड म्हणून ध्यानाचा विचार करता येईल, पण त्याने उपचारांची जागा घेऊ नये, असा त्याचा सूर आहे. मलाही याहून अधिक आशा दाखवणे योग्य वाटत नाही. गोळी चालू ठेवा, जेवणात मीठ बेताचे ठेवा, आणि लोणचे, पापड व सुक्या मासळीतल्या मिठाचाही हिशेब धरा.

किती दिवस, याला एक उत्तर नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी सुरू केलेला ध्यानाचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, आणि त्यात घरी रोज पाऊण तासाच्या सरावाची अपेक्षा असते. तुम्ही दहा मिनिटांनी सुरुवात करणार असाल, तर त्याहून अधिक काळ धीर धरावा लागेल. बसलेले असताना काय वाटते यावरून गुण ठरवू नका. आंबा बागायतदाराच्या आयुष्यात राग यायला निमित्ते पुष्कळ असतात : मोहोर गळणे, माकडांचा उपद्रव, दलालाचा हिशेब. राग आल्याचे तुम्हाला पूर्वी तोंडातून शब्द गेल्यावर कळत होते की आता त्याआधी कळते, हे पाहा. घरच्यांना ते तुमच्याही आधी दिसेल.

रक्तदाबाची नोंद मात्र अंदाजावर सोडू नका. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक दिवशी, पाच मिनिटे शांत बसल्यानंतर तो मोजून घ्या आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. ध्यानाला बसून उठल्याबरोबर मोजू नका, तो आकडा दिवसभरातला खरा रक्तदाब दाखवणार नाही. गोळीचा डोस तोच ठेवायचा की बदलायचा, हे तुमचे डॉक्टर ती वही पाहून ठरवतील.